भीड सोडा, हात धुवा

गेल्या महिन्यात एक जुने रुग्ण दवाखान्यात आले होते. वय ७८. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या दिवशी दोघांना जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे होते. त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्यावर सोबत न्यायच्या वस्तूंची सुवाच्य अक्षरातील यादी: फाइल, एक्स-रे, विम्याचे कार्ड, आधार कार्ड, थर्मास, दोन चादरी, ताट-वाटी, जपमाळ. "डॉक्टर, यात काही राहिले का, एवढे पाहा," ते म्हणाले.

मी यादी वाचली आणि खाली दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, हातावर चोळायच्या सॅनिटायझरची बाटली. दुसरी, "विचारण्याचे धैर्य". ते हसले. त्यांना वाटले, मी गंमत करतो आहे. मी गंमत करत नव्हतो. नऊ वर्षांपूर्वी हे धैर्य माझ्यापाशी नव्हते आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली.

अण्णांची नळी

आमचे अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे होते. न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. एका चांगल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून ते चार पावले चालले. शस्त्रक्रियेच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, मात्र तशीच होती. "असू द्या, सारखी उठबस नको," असे कुणीतरी म्हणाले आणि आम्हा सर्वांना ते सोयीचे वाटले. खरे सांगायचे तर मलाही वाटले. रात्री दोनदा-तीनदा भांडे द्यावे लागत नव्हते.

त्या दिवसांत मी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या. लघवीची पिशवी पुष्कळदा जमिनीला टेकलेली असे. आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे काम आटोपून त्याच हातमोज्यांनी अण्णांची पिशवी रिकामी केली जाई. मी स्वतः डॉक्टर. याचा अर्थ मला पुरता कळत होता. तरीही मी बोललो नाही. आपण पाहुणे डॉक्टर, त्यांच्या कामात कशाला लुडबूड करायची. सिस्टर बिचाऱ्या एकट्या इतक्या खाटा सांभाळतात. त्यांना राग आला तर? अशा विचारांनी जीभ उचलली नाही.

पाचव्या रात्री अण्णा मला त्यांच्या दिवंगत भावाच्या नावाने हाका मारू लागले. अंगात ताप नव्हता. पहाटे हुडहुडी भरली आणि रक्तदाब उतरला. तपासणीत लघवीत आणि रक्तात एकच जंतू सापडला, तोही नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा. आणखी सोळा दिवस रुग्णालयात काढावे लागले. अण्णा वाचले, त्यानंतर तीन वर्षे आमच्यात होते. पण पडण्यापूर्वी रोज सकाळी वाचनालयापर्यंत पायी जाणारा तो माणूस पुन्हा वॉकरशिवाय चालला नाही.

मी वेळीच विचारले असते तर हे टळलेच असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. वैद्यकात इतकी खात्री क्वचितच असते. पण टळण्याची शक्यता पुष्कळ होती आणि ती मी भिडेपोटी घालवली. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. रुग्णशय्येजवळ ती त्याहून वाईट नात्याने येते.

जंतू स्वतःच्या पायांनी येत नाहीत

रुग्णालयात दाखल होताना जो संसर्ग रुग्णाला नव्हता आणि तेथील वास्तव्यात झाला, त्यास रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग आणि शिरेतील नळीतून रक्तात पोहोचणारा संसर्ग हे त्याचे चार मुख्य प्रकार होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार श्रीमंत देशांतील रुग्णालयांत दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा संसर्ग होतो. ज्यांना होतो, त्यांच्यापैकी सरासरी दहांत एक दगावतो. हस्तस्वच्छता आणि इतर साधे, कमी खर्चाचे उपाय नीट पाळले, तर यांतील ७० टक्के संसर्ग टाळता येतात, असेही संघटना सांगते.

हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात कसे? काही हवेतून, खोकल्याच्या थेंबांतून जातात. पण बहुतेक जंतूंचे वाहन म्हणजे माणसाचा हात. खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, दाराची मूठ, पाण्याचा पेला, मोबाइल, या सर्वांवर काही जंतू कित्येक दिवस तग धरतात. हात त्यांना उचलतो आणि पुढे नेऊन ठेवतो. निरोगी माणसाचे यात फारसे बिघडत नाही. परंतु ज्याच्या त्वचेवर टाके आहेत, शिरेत सुई आहे, मूत्राशयात नळी आहे, त्याच्या शरीराचे बंद दरवाजे आपणच उघडलेले असतात. त्यात वय ७० च्या पुढे आणि जोडीला मधुमेह असेल, तर आत शिरलेल्या जंतूला अडवणारे सैन्यही थकलेले असते.

एका डॉक्टरचा झालेला अपमान

हात धुण्याचे महत्त्व आपल्याला उघड वाटते. ते एकेकाळी डॉक्टरांनाच मान्य नव्हते. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर काम करत होता. तेथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतिणी तापाने कितीतरी अधिक संख्येने मरत. कारण कुणालाच उमगत नव्हते. मग त्याच्या एका सहकारी मित्राला शवविच्छेदन करताना सुरीचा घाव झाला आणि तो बाळंतिणींसारखीच लक्षणे होऊन गेला. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी आणि डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत.

त्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात दर १०० बाळंतिणींमागे १८ दगावल्या होत्या. जून-जुलैत हे प्रमाण दोनच्या आसपास आले.

एवढा पुरावा हाती असूनही अनेक ज्येष्ठ डॉक्टरांनी त्याचे म्हणणे नाकारले. आमच्या हातांनी रोगी मरतो, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली. सेमेलवाइस १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, एका मनोरुग्णालयात मरण पावला. आज त्याचे नाव जगभर आदराने घेतले जाते. तो अपमान वाटण्याची सवय मात्र आमच्या व्यवसायातून अजून पुरती गेलेली नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शिरेतील मोठी नळी घालण्यासाठी पाच कलमांची एक साधी यादी केली: हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घालणे, त्वचा योग्य द्रावणाने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांत नवे काहीच नव्हते. प्रत्येक डॉक्टरला ते ठाऊक होते. नवे होते ते असे की, डॉक्टरने एखादे कलम गाळले, तर त्याला तेथेच थांबवण्याचा अधिकार सिस्टरला देण्यात आला. मिशिगन राज्यातील सुमारे शंभर अतिदक्षता विभागांत ही पद्धत राबवली गेली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीड वर्षात शिरेच्या नळीतून होणारे रक्ताचे संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. तेथे नवे औषध वापरले नव्हते, महागडे यंत्र आणले नव्हते. विचारण्याला परवानगी मिळाली, एवढेच.

आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी चोवीस तास कोण असते? सिस्टर नव्हे, डॉक्टर नव्हे. लेक, सून, जावई, पुतण्या किंवा सत्तरी ओलांडलेला जोडीदार. म्हणून ही परवानगी मी आज आपल्याला देऊ इच्छितो.

आधी आपले हात

दुसऱ्याला विचारण्यापूर्वी आपले हात स्वच्छ हवेत. नातेवाइकांनी पुढील वेळा कटाक्षाने पाळाव्यात: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, त्याला भरवण्यापूर्वी किंवा औषध देण्यापूर्वी, डायपर, लघवीचे भांडे, ओकारी, थुंकी यांना हात लागल्यानंतर, आणि खाटेजवळून उठून बाहेर जाताना.

सॅनिटायझर दोन थेंब घेऊन उपयोग नाही. ओंजळीत पुरेसा घेऊन २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळावा. अंगठे, बोटांची टोके, बोटांच्या बेचक्या आणि हाताची मागची बाजू, या जागा हमखास राहतात. अंगठ्या व घट्ट बांगड्यांखाली जंतू दडतात. त्या घरी ठेवलेल्या बऱ्या. हात दिसायला मळलेले असतील, शौचाशी संबंध आला असेल किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर सॅनिटायझर पुरत नाही. काही जंतूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत. तेथे साबण आणि वाहते पाणीच हवे, ४० ते ६० सेकंद.

आपल्या वॉर्डांत एक सुंदर गोष्ट दिसते. शेजारच्या आजोबांजवळ कुणी नसेल, तर आपण त्यांना उठवून बसवतो, दोन घोट पाणी पाजतो. हा माणुसकीचा धर्म सोडू नये. मात्र त्यांच्याकडून आपल्या रुग्णाकडे परतताना मध्ये हात धुवावेत. जंतूला आपला हेतू कळत नाही.

भेटायला येणाऱ्यांविषयी थोडे कठोर व्हावे लागते. सर्दी-खोकला, ताप, जुलाब असलेल्यांनी येऊ नये, फोन करावा. लहान मुलांना आणू नये. खाटेवर बसू नये, पिशव्या खाटेवर ठेवू नयेत. अंगारा कपाळाला लावायला माझी हरकत नाही. पण जखमेच्या पट्टीवर तीर्थ शिंपडणे, पट्टी उचलून 'कशी आहे' ते पाहणे, हे कृपया करू नये.

नळी दिसली की रोज विचारा

माझ्या मते या लेखातील सर्वांत उपयोगी वाक्य हे आहे. रोज सकाळी डॉक्टर राऊंडला आले की शांतपणे विचारावे, "डॉक्टर, ही नळी आज काढता येईल का?"

लघवीची नळी आत असेल, तर दररोज १०० पैकी साधारण ३ ते ७ रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. प्रत्येकाला आजार होतो असे नाही, पण दिवस वाढतील तसा धोका वाढतो. नळी आवश्यक असेल तर असावीच. डॉक्टर कारण सांगतील आणि ते आपल्याला पटेल. पुष्कळदा मात्र असे होते की, आवश्यकता संपलेली असते आणि ती काढायची राहून जाते. आपला प्रश्न ही आठवण करून देतो.

नळी आहे तोवर पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकलेली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ किंवा दाब नसावा. रुग्णाला हलवताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवू नये. लघवी उलटी आत जाते.

सलाईनच्या सुईची जागा रोज पाहावी. तेथे लाली, सूज, दुखणे किंवा ओल दिसल्यास लगेच सिस्टरना सांगावे. सलाईन थांबले असून सुई नुसतीच राहिली असेल, तर तीही काढायची का, हे विचारावे.

न्यूमोनिया टाळण्यासाठी दोन कामे घरच्यांच्या हातची आहेत. डॉक्टरांची परवानगी असेल तेव्हा रुग्णाला उशीच्या बाजूने उंच करून बसवावे आणि भरवताना तर बसवूनच भरवावे. दुसरे, रोज दोनदा दात घासावेत. कवळी असल्यास काढून धुवावी. आजारपणात तोंड धुणे सर्वांत आधी सुटते आणि तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात.

कसे विचारावे?

विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. आवाज चढवून, मोबाइलवर चित्रीकरण करत विचारले, तर हात धुतले जातीलही, पण मने मळतील. ड्यूटीवरच्या सिस्टर आणि मावशी बहुधा थकलेल्या असतात, रुग्ण जास्त आणि माणसे कमी असतात. त्यांना आपल्या बाजूला घ्यावे.

"सिस्टर, आईला मधुमेह आहे, मला फार धास्ती वाटते. हात लावण्याआधी हे घेता का?" असे म्हणून बाटली पुढे करावी. "मावशी, हातमोजे बदलायचे राहिले वाटते," असे हळू आवाजात म्हणावे. "डॉक्टर, आम्ही सगळेच हात लावण्याआधी सॅनिटायझर वापरतो आहोत," असे म्हटले, तरी जाणता डॉक्टर समजून घेतो. कुणी खेकसले, तर वाद न घालता वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना भेटावे. मोठ्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रणाची समिती असते. तिच्याकडे लेखी सांगता येते.

एक विनंती उलट बाजूने. "जोरातले अँटिबायोटिक द्या," असा आग्रह धरू नये. अनावश्यक अँटिबायोटिकमुळेच जंतू निर्ढावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. आमच्या अण्णांच्या रक्तातला जंतू असाच निर्ढावलेला होता.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर आटोक्यात आणावी, तंबाखू व विडी-सिगारेट काही आठवडे आधी बंद करावी, अंगावर कुठे गळू, दाढेत पू किंवा खोकला असल्यास लपवू नये. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणाने आंघोळ करावी. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने वा रेझरने काढू नयेत. त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांतून जंतू शिरतात. आवश्यक असेल तर रुग्णालयात क्लिपरने काढतात.

म्हाताऱ्या माणसांत संसर्गाची चाहूल वेगळी असते, हे विशेष लक्षात ठेवावे. ताप येईलच असे नाही. अचानक असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे, गुंगी, जेवण नको म्हणणे, श्वास जलद होणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही नव्याने दिसले, तर "वयामुळे होते असे" म्हणून सोडू नये. त्याच रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगावे. अण्णा मला भावाच्या नावाने हाका मारत होते, तेव्हा मीही सकाळपर्यंत थांबलो होतो.

डॉक्टर घरी सोडायला तयार असतील, तर "आणखी दोन दिवस राहू द्या, इथे बरे," असा आग्रह नसावा. बऱ्या झालेल्या माणसाला घराइतकी सुरक्षित जागा नाही. घरी आल्यावर जखमेतून पाणी वा पू, वाढती लाली, ताप किंवा वाढणारे दुखणे जाणवल्यास ज्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांनाच दाखवावे. कृत्रिम सांधा बसवलेला असल्यास असा संसर्ग काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो.

माझ्या भिंतीवरची पाटी

अण्णा गेल्यानंतर मी माझ्या तपासणीच्या खोलीत एक पाटी लावली: "डॉक्टरांनी हात धुतले का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे." बराच काळ कुणीच विचारले नाही. लोक पाटी वाचत आणि भिडेने गप्प राहत.

एका पावसाळी संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. पायाची जखम दाखवायला एक आजी आल्या. मी पट्टी सोडायला हात पुढे केला. आजींनी पाय मागे घेतला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ती पाटी तुम्हीच लावलीय ना?"

खोटे कशाला सांगू, क्षणभर मला झोंबले. तीस वर्षांची प्रॅक्टिस, बाहेर वीस माणसे ताटकळलेली, आणि ह्या बाई मला हात धुवायला सांगतात! सेमेलवाइसच्या काळातील डॉक्टरांना काय वाटले असेल, ते त्या एका क्षणात मला कळले. मग मी उठलो, बेसिनपाशी गेलो आणि हात धुतले. आधीच्या रुग्णाला तपासल्यानंतर ते धुवायचे खरोखरच राहिले होते.

आजी मात्र ओशाळल्या. "रागावला नाहीत ना?" असे त्यांनी जाताना दोनदा विचारले. मी त्यांना सांगितले ते आपल्यालाही सांगतो. ज्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येतो, त्याचा राग अर्ध्या तासात ओसरतो. संसर्ग इतक्या लवकर ओसरत नाही. तेव्हा अवश्य विचारा.